कोपर दुखतंय? तेलाची बाटली आधी बाजूला ठेवा

कोपर धरून दवाखान्यात येणाऱ्या माणसाच्या पिशवीत हमखास तीन-चार बाटल्या निघतात. एक महानारायण तेल, एक पाहुण्यांनी गोव्याहून आणलेलं, एक बाम आणि एक चिठ्ठीच नसलेली. बाटल्या टेबलावर मांडून झाल्या की ठरलेलं वाक्य येतं, "सगळं लावून झालं डॉक्टर, काय उपयोग नाही बघा." मी बाटल्या बाजूला सारतो आणि विचारतो, "काम काय करता?"

उत्तरं ठरलेली असतात. बेळगावच्या वडगावात माग, उद्यमबागेत फिटर, निपाणीत विड्या वळायला, खानापूरकडे भात आणि दोन म्हशी. पण सगळ्यात जास्त येतात त्या घरातल्या बाया. त्या म्हणतात, "काम काय, घरचंच." म्हणजे रोज दहा माणसांचं पीठ मळणं, पाच बादल्या कपडे पिळणं आणि पाण्याच्या घागरी.

बहुतेकांचे उपाय बरोबर असतात, क्रम चुकतो. तेल तिसऱ्या-चौथ्या पायरीवर लावायचं ते पहिल्या दिवशी लावलं जातं, आणि पहिल्या दिवशी करायचं काम कुणी करतच नाही. म्हणून हा लेख पायरीपायरीने लिहितोय. सहा आठवड्यांपेक्षा जुनं, कोपराच्या बाहेरच्या हाडापासून मनगटाकडे उतरणारं दुखणं हा त्याचा विषय. टेनिसची बॅट आयुष्यात हातात धरली नसली तरी चिठ्ठीवर 'टेनिस एल्बो' लिहून येतं, ते हेच.

एक शब्द आधी नीट करून घेऊ. आपण 'स्नायू' म्हणतो तेव्हा दंडाचं मांस डोळ्यापुढे येतं. सुश्रुत स्नायू म्हणतो ते मांसाला हाडाशी बांधणारे दोर. दुखतंय तो दोर, हाडाला चिकटतो त्या बोटभर जागेत. लोक मात्र खालचं मांस रगडत बसतात. या जागी वात शिरला की करायच्या पाच गोष्टी सुश्रुताने सांगितल्यात: स्नेह (तेल), उपनाह (गरम लेप बांधणं), अग्निकर्म (चटका देणं), बंधन (पट्टा) आणि मर्दन (चोळणं). पुढचे बरेचसे टप्पे याच पाचांचे आहेत, फक्त घरात जमतील अशा क्रमाने लावलेले.

## टप्पा १ : दुखणं हेच आहे का, ते बघा

टेबलाजवळ बसा. कोपर काटकोनात वाकवा. बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागेल. त्यावर आणि त्याच्या बोटभर खाली अंगठ्याने दाबा. नेमकं तिथंच "आई गं" निघालं, तर पुढची खूण बघा. हात सरळ करा, तळहात जमिनीकडे, मूठ वळा. आता मनगट वर उचला आणि दुसऱ्या हाताने ते खाली दाबा. त्याच ठिकाणी कळ आली की निदान जवळजवळ पक्कं. प्लास्टिकची खुर्ची पाठीकडून धरून, कोपर न वाकवता उचलून बघितली तरी तेच कळतं.

बाकीची दुखणी याच्याच वेषात येतात, ती वेगळी काढा.

कोपराच्या आतल्या हाडाला कळ असेल तर पुढचे टप्पे बहुतेक तेच, फक्त व्यायामात तळहात आकाशाकडे.

करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील तर आतल्या खोबणीतली नस दाबली जातेय. तिथं रगडू नका, पट्टा बांधू नका.

अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होऊन झोप मोडत असेल तर दोष मनगटात.

मान वळवली की कळ हातात उतरते? मग मूळ मानेत आहे. खांद्यापासून बोटांपर्यंत जाणाऱ्या अशा दुखण्याला आयुर्वेदात विश्वाची म्हणतात, त्याची वाट वेगळी.

हात वर जात नाही, वेणी घालता येत नाही, पाठीमागे हूक लागत नाही, हा अवबाहुक, म्हणजे गोठलेला खांदा. कोपराला तेल लावून तो सुटत नाही. अशा माणसाची साखर आधी तपासा.

सावधान : डाव्या हातात कळ, सोबत छातीवर दडपण, घाम, धाप किंवा जबडा ओढल्यासारखा वाटणं, यात तेल शोधायला घरात फिरू नका. १०८ ला फोन करा. पडल्यानंतर कोपर पूर्ण सरळ होत नसेल तर एक्स-रे काढा. कोपर लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मुठीची ताकद झपाट्याने जात असेल, चहाचा कप निसटत असेल, तरीही आधी डॉक्टर, मग हा लेख.

## टप्पा २ : आठ दिवस हाताचा हिशेब

हा टप्पा सगळे गाळतात. मीही गाळलाय. दवाखाना टाकून दोन वर्षं झाली असतील, फाउंड्रीत साचे करणारे एक मामा आले. चौदा दिवस रोज न चुकता पत्रपोट्टली, म्हणजे परतलेल्या पाल्याच्या पुरचुंडीचा शेक, केली. रोज म्हणायचे, "आज बरं वाटतंय." पंधराव्या दिवशी हात पुन्हा होता तिथंच. विचारल्यावर कळलं, मामा सकाळी शेक घेऊन दहाला कामावर जायचे आणि साचा मोकळा करायला दिवसभर घण मारायचे. शेकाने हात सैल व्हायचा आणि सैल हाताने ते आदल्या दिवसापेक्षा जास्त काम करायचे. माझ्या उपचाराने त्यांचं दुखणं लांबलं, असंच म्हणावं लागेल.

म्हणून आठ दिवस औषध नाही. एक वही घ्या. रोज रात्री फक्त तीन गोष्टी लिहा: कुठल्या कामात कळ आली, ती दहापैकी किती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर किती उरली. चार दिवसांत गुन्हेगार सापडतो, आणि तो बहुतेक वेळा तुम्हाला वाटतो तो नसतो. एक अक्का भाकरीला दोष देत होत्या. वहीत निघालं ते ओलं ब्लँकेट पिळणं.

गुन्हेगार सापडला की तो बंद करायचा नाही. पोट हातावर असणाऱ्याला 'विश्रांती घ्या' सांगून काय उपयोग? कामाची ढब बदला.

वस्तू उचलताना तळहात वर आणि कोपर वाकलेला ठेवा. घागर, बादली, पिशवी, सगळं असंच. तळहात खाली करून, हात लांब ताणून उचललं की सगळा भार त्या बोटभर दोरावर येतो.

हातोडा, कोयता, विळा, पाना यांच्या मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी किंवा सुती चिंधी गुंडाळून ती जाड करा. मूठ बारीक असली की बोटं जास्त आवळावी लागतात.

कपडे पिळू नका, नळाला अडकवून निथळू द्या. पिळायचेच असले तर नळाला वेढा देऊन दोन्ही हातांनी ओढा, मनगट मुरगाळू नका.

विड्या वळणाऱ्या आणि मागावर गाठी मारणाऱ्या बायांनी अर्ध्या तासाने दोन मिनिटं हात मोकळा सोडावा. मोकळा म्हणजे मांडीवर पडलेला. त्या दोन मिनिटांत मोबाइल धरला की ती विश्रांती गेली.

तपासणी : आठव्या दिवशी वही उघडा. सकाळचं दुखणं एका आकड्याने तरी उतरलं असेल तर पुढे चला. वाढलंय? मग टप्पा १ पुन्हा करा.

## टप्पा ३ : तेल चालेल का, हे आधी ठरवा

दुखतंय म्हणून तेल, हे समीकरण आपल्याकडे इतकं घट्ट बसलंय की तेलाने दुखणं वाढू शकतं हे कुणाला पटत नाही. पण वाढतं. शरीरात 'आम' असताना, म्हणजे पचन बिघडून साठलेला चिकट भाग असताना, तेल वर्ज्य आहे.

तीन दिवस सकाळी स्वतःकडे बघा. जीभ पांढरी, जाड थराची आहे का? उठल्यावर अंग जड आणि सांधे अर्धा-पाऊण तास आखडलेले असतात का? भूक मेलेली आहे का? कोपरासोबत बोटांचे किंवा गुडघ्यांचे सांधेही सुजलेत का? उत्तर 'हो' असेल तर हे कोपराचं साधं दुखणं नाही, आमवाताच्या वाटेवरचं आहे. त्याला रक्ततपासणी आणि वैद्य दोन्ही लागतात. चिकुनगुनियाच्या तापानंतर महिनोन् महिने राहिलेली सांधेदुखीही यातच तपासून घ्यावी.

तोवर घरी काही करायचंच असलं तर कोरडा शेक. जाडसर वाळू कढईत तापवा, सुती फडक्यात बांधा, दहा मिनिटं शेका. तेल नाही.

जागा नुसती गरम आणि हुळहुळी असेल, पण ताप नसेल आणि बाकीचे सांधे ठीक असतील, तर चार दिवस दशांग लेप (दहा औषधींची पूड) तुपात कालवून लावा. इथंही एक चूक ठरलेली. लेप रात्री लावून झोपतात आणि सकाळी खपली खरवडून काढतात. लेप दिवसा लावायचा, केसांच्या उलट दिशेने, आणि पूर्ण वाळून ताणू लागायच्या आत कोमट पाण्याने भिजवून काढायचा.

## टप्पा ४ : तेल, पण हलक्या हाताने

साधं तिळाचं तेल चालतं. महानारायण किंवा बला तेल मिळालं तर उत्तम. बाटलीवर परवाना क्रमांक आणि तारीख असलेलंच घ्या.

वाटीत दोन चमचे तेल घ्या, ती गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. तेल थेट गॅसवर तापवू नका. दंडाच्या मध्यापासून मनगटापर्यंत तळहाताने लांब हात फिरवा, कोपराच्या सांध्यावर गोल. दहा मिनिटं पुरेत. शेवटी दुखऱ्या जागी अंगठ्याने, दोराला आडवं, हळूहळू दोन मिनिटं चोळा. दाब इतकाच की कळ दहापैकी चारच्या वर जाऊ नये.

"जोरात रगडलं की गाठ फुटते" हे ऐकून ऐकून कान किटले. तिथं गाठ नसते. झिजलेला दोर असतो, आणि रगडून तो आणखी झिजतो. निळा डाग पडेपर्यंत रगडून घेऊन आलेले लोक मी दर पावसाळ्यात बघतो.

सावधान : महाविषगर्भ तेलात बचनाग असतो. कापलेल्या किंवा खरचटलेल्या त्वचेवर ते लावू नका. लावल्यावर हात साबणाने दोनदा धुवा आणि त्या हाताने पीठ मळू नका. लहान मुलांच्या हाती बाटली लागू देऊ नका. घरात वापरायला दुसरं कुठलंही तेल बरं.

## टप्पा ५ : पत्रपोट्टली

तेलानंतर शेक. या भागात पाला फुकट मिळतो, त्यामुळे पोट्टली घरी करणं अवघड नाही. शेतावर किंवा बाजारात कन्नडमधून विचारायची वेळ आली तर नावं माहीत असू द्या. निर्गुंडी म्हणजे 'लक्की', एरंड म्हणजे 'औडला', शेवगा म्हणजे 'नुग्गी', चिंच म्हणजे 'हुणसी', रुई म्हणजे 'एक्का'. खानापूर-जांबोटीकडे ओढ्याकाठाने निर्गुंडी भरपूर. रुई तर मारुतीला शनिवारी माळ घालणाऱ्यांना शोधावी लागत नाही.

एका कोपराला लागतं ते असं: निर्गुंडी दोन मुठी, एरंडाची तीन-चार पानं, शेवगा आणि चिंचेचा पाला एकेक मूठ, खवलेला नारळ अर्धी वाटी, एका लिंबाच्या चकत्या, हळद आणि सैंधव एकेक चमचा, तिळाचं तेल तीन-चार चमचे. रुईची दोन पानं चालतात, पण तोडल्यावर देठातला चीक पूर्ण गळू द्या आणि पानं धुऊन घ्या. हा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो आणि त्वचेवर फोड येतात. चिकाची खात्री नसेल तर रुई सोडून द्या, तिच्यावाचून काही अडत नाही.

१. पाला धुऊन फडक्याने पूर्ण कोरडा करा. ओला पाला तेलात तडतडतो आणि वाफेनेच शिजतो.

२. बोटाएवढ्या रुंदीचे तुकडे करा. मिक्सरमधून काढू नका, लगदा झाला की पोट्टली गळते.

३. लोखंडी कढईत दोन चमचे तेल घ्या. आधी नारळ टाका. तो बदामी झाला की लिंबाच्या चकत्या, मग पाला, शेवटी हळद आणि सैंधव.

४. मंद आचेवर परता. आधी हिरवट कच्चा वास येतो, मग निर्गुंडीचा उग्र वास उठतो, आणि थोड्या वेळाने तो बसून नारळाचा खमंग वास वर येतो. तेव्हा उतरवा. पाला गडद हिरवा व्हायला हवा, काळा नाही.

५. जुन्या धोतराचं दोन वीत चौरस फडकं घ्या. मधोमध पाला ठेवा, चारही टोकं वर गोळा करून सुतळीने घट्ट आवळा आणि वर धरायला मूठ ठेवा. अशा दोन पोट्टल्या करा.

६. तव्यावर चमचाभर तेल पसरून एक पोट्टली तापत ठेवा, दुसरी वापरा. थंड झाली की अदलाबदल.

तपासणी, दर वेळी : तव्यावरून उचललेली पोट्टली शेक देणाऱ्याने स्वतःच्या हाताच्या मागच्या बाजूला टेकवावी आणि पाच आकडे मोजावेत. पाचच्या आत हात मागे आला तर थांबा.

सुरुवातीला थोपटत, मग चोळत, कोपराच्या वरून मनगटाकडे पंधरा ते वीस मिनिटं. त्वचा ओलसर आणि हलकी गुलाबी झाली की झालं. तेल पुसा, हात फडक्याने झाका, तासभर पंखा आणि गार पाणी टाळा. शेक घेऊन लगेच भांडी घासायला बसणाऱ्या बाया मी मोजायच्या सोडून दिल्यात.

हे रोज एकदा, सात दिवस. मग तीन दिवस सुट्टी, हवं तर आणखी सात. पोट्टली तीन दिवस चालते, पण पावसात दुसऱ्याच दिवशी वास फिरतो, तेव्हा टाकून द्या.

सावधान : मधुमेह जुना असेल आणि बोटांना चटका उशिरा कळत असेल तर स्वतः शेक घेऊ नका. "काय गरम लागत नाही, अजून तापव" म्हणत भाजून घेतलेले कोपर बघितलेत.

## टप्पा ६ : रात्री उपनाह, दिवसा बंधन

पोट्टलीच्या सुट्टीच्या दिवसांत रात्री उपनाह बांधा. उडदाचं पीठ दोन चमचे, गव्हाचं दोन चमचे, बाळंतशेपेची पूड एक चमचा, चिमूटभर सैंधव, दोन चमचे तिळाचं तेल, आणि लागेल तेवढं आंबट ताक. घट्ट पिठल्यासारखं शिजवा. कोमट झालं की दुखऱ्या जागेवर अर्धा बोट जाड थर द्या, वर तव्यावर ऊबवलेलं एरंडाचं पान, आणि सुती पट्टी. सकाळी कोमट पाण्याने धुवा. नखं निळी पडली किंवा बोटं सुजली तर पट्टी आवळली गेलीय. खाज आली तर मध्यरात्रीही काढून टाका.

दिवसा बंधन. मेडिकलमध्ये मिळणारा कोपराचा पट्टा हेच ते, पण दहापैकी आठ जण चुकीच्या जागी लावतात. दुखऱ्या हाडावर नाही, त्याच्या दोन ते तीन बोटं खाली, मनगटाच्या बाजूला, मांसाच्या फुगीर भागावर. मूठ आवळली की तो घट्ट लागायला हवा, सोडली की एक बोट आत शिरायला हवं. फक्त कामाच्या वेळी लावा. बसताना, झोपताना काढा.

## टप्पा ७ : दोराला कामाला लावा

शेक-तेलाने कळ बसली की बहुतेक जण इथं थांबतात, आणि तीन महिन्यांनी परत येतात. दोर मऊ झाला, पण बळकट झालेला नसतो. व्यायामाशिवाय बाकीचे टप्पे उसनवारीवर चालतात, असं माझं स्पष्ट मत आहे. काही वैद्यमित्रांना ते पटत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून : हात टेबलावर, तळहात खाली, मनगट कडेबाहेर. दुसऱ्या हाताने वरून दाबा आणि मनगट जागचं हलू न देता तीस ते पंचेचाळीस सेकंद धरा. पाच वेळा.

चौथ्या आठवड्यापासून : पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली त्याच स्थितीत हातात धरा. चांगल्या हाताने बाटलीसकट मनगट वर उचला. मग चांगला हात सोडा आणि दुखऱ्या हाताने पाच आकडे मोजत हळू खाली न्या. वर नेताना दुखऱ्या हाताचा जोर लावायचा नाही, इथंच लोक गफलत करतात. पंधरा वेळा, असे तीन फेरे, मध्ये दोन मिनिटं थांबून, दिवसातून एकदा.

दहापैकी तीन-चारपर्यंतची कळ चालते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुक्कामाला असता कामा नये. असली तर पाणी अर्धं करा. दोन आठवडे सुखाने झालं की पाव किलोने वाढवा. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. आठव्या दिवशी "काय फरक नाही" म्हणून फोन करू नका.

## टप्पा ८ : सहा आठवड्यांनी अग्निकर्म

वही उघडा. सहा आठवडे वरचं सगळं मनापासून करूनही दुखणं निम्म्यावर आलं नसेल तर अग्निकर्माचा विचार करा. आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा हे काम नेहमी करणाऱ्या नोंदणीकृत वैद्याकडेच करून घ्या. धातूची शलाका लाल तापवून सगळ्यात दुखऱ्या जागी ठिपके देतात. एक ठिपका म्हणजे क्षणभराचा चटका, आणि लगेच कोरफडीचा गर. बहुधा आठवड्याच्या अंतराने तीन-चार बैठका होतात.

जाण्याआधी: उपाशी जाऊ नका. या कर्माआधी बुळबुळीत, मऊ अन्न खावं असं सुश्रुत सांगतो, मऊ भात आणि तूप चालेल. साखर तपासलेली असू द्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, आणि जुन्या जखमेचा व्रण फुगून वर येण्याची सवय, हे न विचारता सांगा. शरद आणि ग्रीष्म, म्हणजे दसरा-दिवाळीचा उन्हाचा काळ आणि एप्रिल-मेची तलखी, शक्यतो टाळतात.

नंतर: चोवीस तास ठिपके भिजवू नका. आठवडाभरात खपल्या आपोआप पडतात, ओढू नका. आणि तीन दिवस हातोडा, कोयता, पिळणं काही नाही. चटक्याने कळ लगेच कमी होते, आणि त्याच संध्याकाळी माणूस पोतं उचलतो.

सावधान : गावोगावी सळई, काच किंवा बिबा तापवून 'डाग' देणारे आहेत. कन्नडमध्ये याला 'बरे' म्हणतात. बरे घातल्याने बरं होतंच असं नाही. पिकलेले, महिनाभर वाहणारे डाग मी साफ केलेत.

स्टेरॉइडचं इंजेक्शन आधी घेतलं असेल तर तेही वैद्याला तारखेसह सांगा. त्याने पहिले काही आठवडे हात हलका वाटतो, पण वर्षभराने बघितलं तर इंजेक्शन न घेतलेलेच पुढे असतात.

## पोटातली औषधं

थोडक्यात सांगतो. योगराज गुग्गुळ आणि महारास्नादी काढा ही नावं सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून दुकानातून थेट घेतली जातात. गुग्गुळ रक्त पातळ करणाऱ्या आणि थायरॉइडच्या गोळ्यांसोबत परस्पर घेऊ नये, गरोदरपणात तर नाहीच. नावात 'रस' असलेल्या गोळ्यांत पारा-गंधक असू शकतात, त्या वैद्याच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आणि आठवडी बाजारात पुडीत मिळणारी, दोन दिवसांत जादू करणारी पूड दिसली की चार हात लांब राहा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. जादू त्याची असते.

## टप्पा ९ : कामावर परत

खुर्ची पाठीकडून धरून कळ न येता उचलता आली की पूर्ण कामाकडे वळा, एकदम नाही. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्मं, दुसऱ्यात पाऊण, तिसऱ्यात पूर्ण. ऊसतोडीला जाणाऱ्यांना असं निम्मं काम कुणी देत नाही, हे मला माहीत आहे. त्यांनी जोडीदाराशी वाटणी करावी: पहिले आठ दिवस तुम्ही मोळी बांधा, कोयता त्याच्याकडे. मोळी उचलताना तळहात वर.

बाटलीचा व्यायाम पुढचे तीन महिने आठवड्यातून तीनदा चालू ठेवा. पट्टा पहिला महिना फक्त जड कामाला, मग पेटीत. हंगामात पुन्हा ठणका लागला तर पोट्टलीचा पाला तोडायला धावू नका. वही काढा आणि टप्पा २ पासून सुरू करा.